रविवारचा संस्कारवर्ग, नौपाडा, ठाणे : पालकांचे नेहमीचे प्रश्न

दर जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की नवे पालक चौकशीला येतात. फोनवर, जिन्यात, भाजी घेताना प्रश्न विचारतात आणि घाईघाईत उत्तर देताना नेमकं महत्त्वाचं राहून जातं. म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते आहे. वेळ काढून वाचा आणि शक्यतो घरातल्या सगळ्या मोठ्यांनी वाचा.

वर्ग कधी असतो? फी किती?

दर रविवारी सकाळी साडेनऊ ते अकरा, आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. वय ५ ते १२. फी नाही. दिवाळीत दोन रविवार आणि मे महिनाभर सुट्टी.

दीड तासात तुम्ही नेमकं काय शिकवता?

वर्ग दाराबाहेर सुरू होतो, चपला काढण्यापासून. जूनच्या पहिल्या रविवारी तिथे चपलांचा नुसता ढीग असतो, एक इकडे तर दुसरी थेट लिफ्टपाशी. मी ओरडत नाही. माझ्या चपला भिंतीशी जोडून ठेवते आणि आत जाते. जुनी मुलं तसंच करतात. जुलै उजाडला की ओळ दिसायला लागते, आणि मग एखादी पाच वर्षांची चिमुरडी वाकून दुसऱ्याची उलटी पडलेली चप्पलही सरळ करते. तिला तसं करायला कुणी सांगितलेलं नसतं.

आत आल्यावर प्रार्थना, थोडा परवचा, म्हणजे पाढ्यांचं पाठांतर (हो, पावकी-निमकीसुद्धा, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, मुलांना त्याची लय आवडते), एक गोष्ट आणि हातानं करायचं एक काम. गोष्ट सगळ्यांना आवडते, पण माझा जास्त जीव त्या हाताच्या कामात आहे. बटण लावणं, वहीला कव्हर घालणं, कपड्यांच्या घड्या, कुंड्यांना पाणी. जानेवारीत आम्ही वाटाणे सोलतो. दोघादोघांत एक ताटली, मध्ये शेंगांचा ढीग, आणि त्याच वाटाण्यांचे पोहे शेवटी सगळ्यांनी खायचे. गेल्या वेळी सोलता सोलता बऱ्याच जणांनी मूठमूठ तोंडात टाकले. पोहे झाले तेव्हा पातेल्यात वाटाणे शोधावे लागत होते. मी काही बोलले नाही. पुढच्या रविवारी सोलायला बसल्यावर एका मुलानंच शेजारच्याला सांगितलं, "आज नको खाऊस, पोह्यांत पुरले पाहिजेत."

आता एक हिशेब. आठवड्याचे तास १६८. त्यातला दीड तास मूल माझ्याकडे असतं. उरलेले साडेएकशेसहासष्ट तास ते झोपेत, शाळेत आणि तुमच्या डोळ्यांसमोर असतं, किंवा तुम्ही त्याच्या डोळ्यांसमोर असता. मूल वळण उचलतं ते तिथून. आम्ही इथे जे सुरू करतो ते घरी चाललं तरच अंगवळणी पडतं. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीकडे वळतील, त्याला माझा इलाज नाही.

किती दिवसांत फरक दिसेल? २१ दिवसांत सवय लागते म्हणतात.

लागत नाही, आणि तो २१ चा आकडा मनातून काढून टाकलात तर मुलाचं आणि तुमचंही भलं होईल. १९६० साली मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जननं लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळून पडला आणि तो आकडा सगळ्या सवयींना चिकटला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितली आणि रोज नोंद ठेवली. सरासरी ६६ दिवस लागले. कुणाचं १८ दिवसांत जमलं, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं गणित निघालं. ती सगळी मोठी, स्वतःहून तयार झालेली माणसं होती. सहा वर्षांच्या पोराकडून तीन आठवड्यांची अपेक्षा कशी धरायची?

त्याच अभ्यासातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे, मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. म्हणून "झालं, मोडलास ना नियम!" असं म्हणून सगळं सोडून देऊ नका. जूनमध्ये धरलेली सवय गणपतीपर्यंत चालवा, मग बघा. आणि एका वेळी एकच धरा. सुरुवात हवीच असेल तर डब्यापासून करा. शाळेतून आल्याबरोबर, बूट काढायच्याही आधी, दप्तरातला डबा काढून बेसिनमध्ये ठेवायचा आणि त्यात पाणी घालायचं. एवढंच. आधीपासून रोज घडणाऱ्या गोष्टीला नवं काम जोडलं की आठवण करून देण्याची कटकट कमी होते.

आम्ही दोघंही नोकरी करतो. घरी पोहोचायला साडेसात-आठ होतात. संस्कारांसाठी वेगळा वेळ कुठून काढायचा?

वेगळा काढूच नका. सकाळी फास्ट लोकलमध्ये उभं राहून जायचं, संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घर गाठायचं, त्यावर आणखी 'क्वालिटी टाइम'चं ओझं कुणी घ्यायला सांगितलं आहे? जी कामं तुम्हाला करावीच लागतात त्यांत मुलाला ओढून घ्या. पाच वर्षांचं मूल पानं मांडू शकतं, मेथीची पानं खुडू शकतं. सात वर्षांचं स्वतःचं ताट विसळू शकतं, दप्तर भरू शकतं. दहाव्या वर्षी ओला-सुका कचरा वेगळा करून खाली नेणं, कुकर कधी बंद करायचा ते शिट्ट्या मोजून सांगणं, हे व्हायलाच हवं. काम हळू होईल, सांडलवंड होईल. ती सोसा. तुम्ही घाईनं त्याच्या हातातून काम काढून घेतलंत तर पुढे पंधराव्या वर्षी ते मागूनही मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट, जिला वेळ अजिबात लागत नाही. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींशी तुम्ही कसं बोलता? वॉचमनकाकांना? रिक्षावाल्याला? मुलं बेरीज-वजाबाकी शिकायच्या आधी हे शिकतात की कुणाला 'अहो' म्हणायचं आणि कुणाला 'ए' म्हटलं तरी चालतं. आमच्या वर्गात नियम आहे : पांढरे केस असलेल्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची नाही, मग ते काका झाडू मारत असोत की लिफ्ट दुरुस्त करत असोत. मावशींना घोटभर पाणी मुलाच्या हातून द्या. त्यांची सुट्टी असेल त्या दिवशी "आज बाई आली नाही" असं न म्हणता "आज मावशींना सुट्टी" असं म्हणून बघा. मूल उद्यापासून तसंच बोलेल.

मुलगा सर्रास खोटं बोलतो. काय करावं?

या प्रश्नाचं उत्तर मी माझ्यावरून देते.

माझा मुलगा बाराचा झाला त्याच आठवड्यातली गोष्ट. ठाणे स्टेशनवर दादरचं तिकीट काढायला रांगेत उभी होते. रेल्वेचा नियम असा की पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं, पुढे पूर्ण. मी सवयीनं "एक फुल, एक हाफ" म्हटलं. चिरंजीव माझा पदर ओढत म्हणाले, "आई, माझा वाढदिवस झाला ना?" मी त्याच्याकडे बघून डोळे मोठे केले आणि तो गप्प झाला. दादरपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिला. काही रुपयांची गोष्ट होती. पण माझ्या मनात घोळत राहिलं की आज मी त्याला दोन धडे दिले. एक, की खिडकीपलीकडच्या माणसाला खोटं सांगितलेलं चालतं. दुसरा, की खरं बोलणाऱ्याला आई डोळे दाखवते.

परत येताना दादरच्या खिडकीवर मी "दोन ठाणे" म्हटलं. प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्याच त्याला सांगितलं, "सकाळी माझं चुकलं. तू बरोबर होतास." तो काही बोलला नाही. दोन्ही तिकिटं मात्र माझ्याकडून मागून घेतली आणि ठाण्यापर्यंत मुठीत धरून ठेवली.

तेव्हा मुलगा खोटं बोलतो म्हणणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना मी आधी विचारते, की दारावर कुणी आलं तर "बाबा घरात नाहीत म्हणून सांग" असं तुमच्या घरी म्हणतात का? शाळा बुडवून लग्नाला नेलंत तेव्हा चिठ्ठीत ताप लिहिला होता का? हे थांबलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं असं : खरं सांगितल्यावर मूल सुरक्षित राहिलं पाहिजे. पेला फोडला असं सांगणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसला, तर पुढचा पेला मांजर फोडेल. फुटला, चल काचा मिळून गोळा करू, जपून, एवढंच म्हणावं. चूक निस्तरायला लावणं हीच पुरेशी शिक्षा आहे.

आणि चार वर्षांचं पोर "आमच्या गॅलरीत वाघ आला होता" म्हणालं तर ते खोटं नाही. तो वाघ त्याला दिसलेला असतो. येऊरच्या डोंगराखाली राहणाऱ्यांच्या बाबतीत तर बिबट्या खरा असण्याचीही शक्यता धरा.

अजिबात धीर नाही. मागितलं की लगेच हवं, नाहीतर थयथयाट.

अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक छोटासा प्रयोग मी प्रत्येक पालकसभेत सांगते. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. त्यांना चित्र काढायला जुनेपुराणे खडू दिले आणि सांगितलं, थोडं थांबलात तर छान नवे आणून देते. निम्म्या मुलांना नवे खरोखर मिळाले. उरलेल्यांना "सॉरी, नव्हतेच" म्हणून हात हलवत परत आलेली ताई दिसली. मग सगळ्यांपुढे एकेक गोळी ठेवली, मार्शमेलो नावाची मऊ मिठाई, आणि सांगितलं की न खाता थांबलात तर दोन मिळतील. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती ३ मिनिटं.

मुलाला धीर नाही म्हणताना तुमचे गेल्या महिन्यातले "उद्या नक्की" आठवा. "रविवारी उपवनला नेतो" म्हटलं की न्या. नेणं जमणार नसेल तर म्हणू नका. शब्द मोडलाच तर सरळ माफी मागा आणि नवी तारीख कॅलेंडरवर त्याच्या हातानं लिहून घ्या. थयथयाट चालू असताना मात्र उपदेश करू नका, त्या वेळी कान बंद असतात. शेजारी बसा, शांत होऊ द्या, आणि नाही म्हटलेली वस्तू नंतर गुपचूप देऊ नका. आजोबांनीही नाही.

एखादा रपाटा दिला तर बिघडतं का? आम्हीही मार खाऊनच मोठे झालो.

बिघडतं. शिक्षणहक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. जे शिक्षकांनी करायचं नाही ते आपण दार लावून का करायचं? मारामुळे मूल ते काम आपल्यासमोर करायचं थांबवतं, एवढंच. वर्गातही कुणी हात उचलत नाही आणि पालकांनीही हॉलच्या आवारात उचललेला मला चालणार नाही.

मोबाइल किती वेळ द्यावा?

बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे : दोन वर्षांखाली अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीत. पाच ते दहा वर्षांत दोन तासांहून कमी, आणि त्यापुढेही झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांशी बोलणं यांच्यावर गदा येणार नाही इतकाच. मी आकड्यापेक्षा जागा ठरवायला सांगते. जेवणाच्या पानावर आणि अंथरुणावर फोन नको, कुणाचाच नको. एका घरात पोळ्यांचा जुना डबा फोन ठेवायला काढला आहे. रात्रीची पानं वाढली की बाबांचा फोन सगळ्यात आधी त्यात जातो, तिथे मुलीची तक्रार राहिलेली नाही. भरवताना कार्टून लावायची सवय असेल तर ती आधी सोडवा. भेंडी आहे की बटाटा हे न बघता गिळणाऱ्या मुलाला चव कुठून कळणार?

चांगलं वागल्यावर बक्षीस द्यावं का?

जपून. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी शिशुवर्गातल्या चित्रवेड्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर त्याच मुलांनी आपणहून चित्र काढणं कमी केलं. जी गोष्ट मूल आनंदानं करतं तिला चॉकलेट लावू नका. आमच्या वर्गात तारे, गुण, नंबर काही नाही. "तू किती हुशार!" याऐवजी काय केलं ते नेमकं सांगा : "आज सांगायच्या आधी कुंडीला पाणी घातलंस."

आजी-आजोबा लाड करतात, आम्ही शिस्त लावतो. मूल गोंधळतं.

मूल गोंधळत नाही, ते पक्कं ओळखून असतं कुणाकडे काय चालतं. आजीकडे लाडू जास्त मिळणं हा आजीचा हक्क आहे, तो काढू नका. फक्त दोन-तीन गोष्टी सगळ्यांनी मिळून ठरवा (आमच्याकडे त्या खोटं, मारणं आणि अन्न टाकणं अशा आहेत) आणि त्यांत कुणीही फाटा फोडायचा नाही. मुलासमोर एकमेकांचं चुकलं म्हणू नका. तुमच्या सासूबाईंशी तुम्ही ज्या आवाजात बोलता तोच आवाज पंचवीस वर्षांनी तुमच्याशी बोलताना ऐकू येईल.

मुलगी पाहुण्यांच्या पाया पडायला नको म्हणते. सक्ती करावी का?

नमस्कार करायला शिकवा, दुरून हात जोडलेलेही चालतात. पण पापी दे, मांडीवर बस, मिठी मार, ही सक्ती कुणासाठीही करू नका, मग तो कितीही जवळचा नातेवाईक असो. नको वाटणाऱ्या स्पर्शाला नाही म्हणता येणं हीसुद्धा चांगली सवय आहे आणि ती लहानपणीच लागते. आम्ही वर्षातून दोनदा यावर मुलांशी सोप्या शब्दांत बोलतो आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर पाठ करून घेतो. तुम्हीही घेतलेला बरा.

मुलगे आणि मुली यांना वेगवेगळं शिकवता का?

नाही. मुलगे पोळीचं पीठ मळतात, मुली बल्ब बदलतात. घरी बहीण ताटं उचलते आणि भाऊ टीव्हीपुढे बसतो असं असेल, तर माझा रविवार वाया गेला.

आम्ही वेगळ्या धर्माचे आहोत. चालेल?

आनंदानं या. प्रार्थनेच्या वेळी मुलानं डोळे मिटून शांत बसलं तरी पुरे. ईदला शीरखुर्मा आणि नाताळला केक मुलं घेऊन येतात, आणि वाटून खाताना कुणालाच फरक पडत नाही.

एका जागी दोन मिनिटं बसत नाही.

बसवू नका, दमवा. मग शांत राहण्यासारखं काहीतरी दाखवा. हिवाळ्यात आम्ही मुलांना ऐरोलीला खाडीकाठी नेतो. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, आणि २०२२ साली जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत खाडीचं नाव आलं, हे मुलांना सांगून झालं की मी फक्त एवढं म्हणते, "आवाज झाला की उडतील." वर्गात उड्या मारणारी तीच पोरं तिथे श्वास रोखून उभी राहतात. गेल्या वर्षी आमच्यातला सगळ्यात चळवळ्या मुलगा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "काकू, ते सगळे एकाच पायावर झोपलेत." बसच्या दिशेनं चालतानाही तो कुजबुजतच बोलत होता.

वाचनाची गोडी कशी लागेल? शाळा इंग्रजी माध्यमाची आहे.

रात्री झोपताना दहा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवा, मराठीतून. चौथी-पाचवीतल्या मुलालाही हवं असतं, तो मागत नाही एवढंच. आणि पुस्तकांच्या जागी घेऊन जा. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालापासून आहे, शहराचं भाग्य आहे ते. पुस्तक मुलालाच निवडू द्या, तुम्हाला फालतू वाटलं तरी. परत करायची तारीख लक्षात ठेवण्याची जबाबदारी त्याचीच.

मुलगा चौदाचा आहे, सोसायटीच्या आसपास स्कूटी चालवतो. काही हरकत?

मोठी हरकत आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. पण दंड बाजूला ठेवा. "पोलीस नसतात त्या गल्लीतून जा" असं सांगून आपण चावी देतो, तेव्हा नियम कधी पाळायचा ते मुलाला कळतं. सायकल घेऊन द्या.

पहिल्या रविवारी काय आणायचं?

पाण्याची बाटली, एक रुमाल आणि घरातलं एक मोठं माणूस. पहिला संपूर्ण वर्ग पालकांनी सतरंजीवर मुलाशेजारी बसून करायचा आहे, सोलायला शेंगा असतील तर त्याही सोलायच्या. फोन दाराशी टोपलीत. चपला भिंतीच्या कडेला, टाचा भिंतीकडे.